काळ्यावरचे चरे

काळा रंग मोठा सोशिक, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. छत्री घ्यायची ती काळी, घोंगडी घ्यायची ती काळी, शाळेत जाणाऱ्या पोराचे दप्तर शक्य तर काळे. कारण एकच, मळ दिसत नाही. वकिलांचा डगला, तिकीट तपासनिसांचा कोट, आज्यांची चंद्रकळा, यांनी पिढ्यान् पिढ्या धूळ आणि घाम मुकाट्याने पोटात घातला. पांढऱ्याचे नखरे फार. धोतरावर हळदीचा एक थेंब पडला की घरभर बोभाटा. काळ्याने असा बोभाटा केल्याचे कोणी ऐकलेले नाही.

परंतु या काळ्याच्या घराण्यातही एक नाजूक, चिडखोर, कोणाला अंगाला हात लावू न देणारा वंशज निपजला आहे, आणि त्याची माझी ओळख आमच्या मोटारीने करून दिली. खरबरीत काळा सोशिक असतो हे खरे. पण तोच काळा घोटून तकतकीत केला की त्याच्याइतका मानी रंग दुसरा नाही. पांढऱ्यावर डाग दिसायला निदान हळद तरी सांडावी लागते. या काळ्यावर नुसती नजर तिरपी पडली तरी शंभर चरे उठून उभे राहतात.

मोटार आमची होऊन तीन वर्षे झाली. त्याआधी ती नागपूरच्या कोणा गृहस्थांकडे होती. गिअरच्या भोवती, ए.सी.च्या कळांखाली आणि दारांच्या आतल्या मुठींवर तिला काळ्या चकचकीत प्लास्टिकची पट्टी बसवलेली आहे. विकणाऱ्याने मोठ्या तोऱ्यात तिचे नाव सांगितले, ‘पियानो ब्लॅक’. वडशात मी पियानो पाहिलेला नाही. आमच्याकडे वाद्य म्हणजे पेटी. दिवाळी सरली की भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो, आणि वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे माहेरघर. त्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या गल्लीतून पेटीचे सूर येत असतात. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर बोटे रात्र रात्र नाचतात. त्या झिजतात, पण ओरखडलेल्या म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. कारण चमकण्याची हौस त्यांना नाही. पियानोतही वाजवायच्या पट्ट्या वेगळ्या आणि तकतकीत अंग वेगळे. त्या अंगावर कोणी बोटे बडवत नाही. मोटार घडवणाऱ्यांनी मात्र ज्या जागी माणसाचे बोट सगळ्यांत जास्त जाते, नेमके तिथेच ते न सोसणारे अंग आणून बसवले!

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या संसाराचे अवशेष वाचण्याची खोड असते. मोटार घरी आली त्या आठवड्यात मी तिच्या काळ्या पट्ट्यांवरचे चरे असेच वाचत बसलो होतो. गिअरशेजारी एकाच जागी आडवे, आखूड चरे होते. म्हणजे गृहस्थांच्या डाव्या हातात अंगठी असावी. किल्ल्यांच्या जुडग्याने लोंबता लोंबता एक बारीकशी चंद्रकोर कोरली होती. डावीकडच्या दाराच्या मुठीवर बांगड्यांचे चरे होते, आणि पडद्याखाली कोणा लहानग्याने कसल्याशा खेळण्याने काढलेली नागमोडी वाट होती. अंगठी, किल्ल्या, बांगड्या, खेळणे: एका घराची चार माणसे किंवा चार सवयी त्या काळ्यावर सही करून गेल्या होत्या. मला त्या चऱ्यांचा राग आला नाही. जुनी पुस्तके विकत घेणाऱ्याला पहिल्या पानावरच्या परक्या नावाचा कुठे राग येतो?

तसे पाहिले तर माझे अर्धे आयुष्य एका काळ्यावर रेघा ओढण्यातच गेले आहे. शाळेतला फळा हाही काळाच. पण त्याची रीत अगदी उलटी. फळा चकचकीत झाला की तो निकामी झाला असे समजावे. खडू त्यावरून निसटतो, खिडकीतला उजेड त्यावर पडतो आणि मागच्या बाकांवरून ‘सर, दिसत नाही’ अशी ओरड सुरू होते. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा शनिवारी फळा रंगवण्याचा एक सोहळाच असे. बॅटरीचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड काढायची, कोळसा कुटायचा, माक्याचा पाला वाटून त्याचा रस मिसळायचा आणि ते सारे चिंधीने फळ्यावर चोपडायचे. हेतू एकच, फळा पुन्हा खरबरीत व्हावा, खडू त्याने धरून ठेवावा. सोनाराची कसोटी हा तिसरा काळा. त्या दगडावर सोन्याची रेघ ओढतात, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतात आणि रेघ किती टिकते यावरून सोन्याची पारख करतात. फळ्याला रेघ हवी, कसोटीला रेघ हवी. रेघेशिवाय दोघांच्याही काळेपणाला अर्थ नाही. मोटारीतला काळा मात्र रेघ उमटली की रुसून बसतो. रेघ सोसणे हाच ज्याचा धर्म अशा काळ्यापुढे मी उभा राहत आलो, म्हणून हे नवे रुसणे मला सुरुवातीला गमतीचेच वाटले.

गंमत संपली ती आमच्या आईमुळे.

झाले असे की मोटारीच्या निगेची जबाबदारी आमच्या चिरंजीवांनी आपण होऊन घेतली. वय सतरा, त्या वयात माणसाला मोटार स्वतःच्या चेहऱ्याइतकी प्रिय असते. रोज सकाळी पिवळा फडका घेऊन तो त्या काळ्या पट्ट्या अशा काही घासायचा की देवघरातल्या समया पाहत राहाव्यात. बसणाऱ्यांसाठी त्याने नियमही केले. त्यातला पहिला नियम, काळ्याला हात लावायचा नाही. शेजारी, पाहुणे यांनी तो हसत हसत मोडला. पाळला तो एकट्या आजीने.

आईचे आयुष्य धानाच्या बांधीत गेले. रोवणीचे दिवस आले की पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत वाकून चिखलात. कापणीला विळा, चुरण्याच्या वेळी पेंढा. तिच्या तळहाताला आता रेषा कमी आणि भेगा जास्त आहेत. डोळ्यांच्या उपचारासाठी मी तिला अधूनमधून वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीला नेतो. एकदा पुलाच्या अलीकडे मोटार खड्ड्यात गचकली, आई कलंडली आणि तिचे कपाळ काचेवर आपटले. लागले फारसे नाही. पण मी पाहिले, तिचे दोन्ही हात पदराखाली घट्ट दाबून धरलेले होते. शेजारीच दाराची मूठ होती.

‘मूठ का नाही धरली, आई?’

‘कारी हाये ना थे,’ ती म्हणाली. ‘माह्या हाताच्या काट्यायनं खराब होईन.’

आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. काळ्याला आम्ही ‘कारा’ म्हणतो. शब्द घरचाच होता, पण त्या दिवशी तो मला ऐकवेना. ज्या हातांनी आम्हां भावंडांना वाढवले ते हात एका प्लास्टिकच्या पट्टीला भिऊन पदराखाली लपले होते, आणि तेही नातवाच्या मोटारप्रेमाचा मान राखायचा म्हणून. मुलाला रागावणे सोपे होते. पण नुसते रागावून त्याचा नियम गेला असता, त्यामागचा समज गेला नसता. तो समज असा की हात लागला की चरा पडतो. हे खरे आहे का, हे आधी पाहायला हवे होते.

खडक आणि खनिजे मी मुलांना शिकवत आलो आहे. फ्रीड्रिख मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली एक सोपी उतरंड लावून दिली. कोण कोणाला ओरखडू शकतो, एवढाच तिचा प्रश्न. तळाशी शंखजिरे, त्याचा आकडा एक. माथ्यावर हिरा, त्याचा दहा. आपले नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या, गारगोटी सात. प्लास्टिक हे काही खनिज नव्हे, पण त्याला या उतरंडीत बसवायचेच झाले तर ते नखाच्या शेजारी कुठेतरी बसेल. म्हणजे नखाने जोर केला तर त्यावर चरा पडू शकतो. पण हाताची कातडी, ती कितीही राठ झालेली असो, नखाहूनही मऊच. भेगाळलेल्या तळव्याने प्लास्टिक ओरखडत नाही.

मग ओरखडते कोण? वडसा हे धानाचे गाव. नगरपालिका त्याला देसाईगंज म्हणते, रेल्वे वडसा म्हणते. नावे दोन असली तरी धूळ एकच. भातगिरण्यांतून उडालेली बारीक तुसे दारा-खिडक्यांवर बसतात. तूस जाळले तर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका असते, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य. वैनगंगेची वाळू तर उघडउघड गारगोटीच. हे टणक पाहुणे रात्रभरात त्या काळ्या पट्टीवर अलगद येऊन बसतात. नुसते बसले तर त्यांचा काही उपद्रव नाही. पण सकाळी कोणी कोरडा फडका घेऊन त्यांना जोराने फिरवू लागला की त्या फडक्याचा पॉलिशपेपर होतो.

पुरावा मोटारीतच होता. हँडब्रेकच्या बगलेत काळ्याचा एक कोपरा असा आहे की तिथे फडका पोचत नाही. त्यावर धुळीचा थर होता. मी तो पाण्याने भिजवून अलगद टिपून घेतला. खालचा काळा, नुकताच कारखान्यातून आल्यासारखा, कोरा निघाला. आणि ज्या मुठी चिरंजीवांनी रोज जिवापाड घासल्या, त्यांच्यावर बॅटरीचा झोत टाकताच कोळ्याचे जाळे उभे राहिले. नागपूरच्या गृहस्थांच्या चार सह्यांखेरीज हे जे बिनसहीचे बारीक जाळे सगळीकडे पसरले होते, त्याचा कर्ता असा सापडला. मी मुलाला काही बोललो नाही. नुसता झोत धरला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग फडका घडी करून त्याने बाजूला ठेवला.

त्या जाळ्याची एक मौज सांगण्यासारखी आहे. चरे गोल नसतात, पण दिव्याभोवती ते गोल दिसतात. घरात स्टीलचे ताट घ्या आणि विजेच्या दिव्याखाली धरा. घासून घासून ताटावर वाटेल त्या दिशांनी चरे पडलेले असतात, तरी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यांची वर्तुळे झालेली दिसतात. ताट हलवा, वर्तुळे दिव्याबरोबर चालू लागतात. कारण असे की जो चरा उजेडाच्या वाटेला आडवा पडलेला असतो तोच आपल्या डोळ्याकडे चमक फेकतो, बाकीचे गप्प राहतात. आणि काळ्यावरच ते इतके का दिसावेत? पांढरे प्लास्टिक आधीच सगळ्या दिशांनी उजेड उधळत असते. त्या गर्दीत चऱ्याचा उजेड हरवून जातो. काळा आत शिरलेला सगळा उजेड गिळून टाकतो, वरचा गुळगुळीत पृष्ठभाग उरलेला उजेड आरशासारखा एकाच दिशेला पाठवतो. मग डोळ्यापर्यंत येतो तो फक्त चऱ्याने वाट चुकवलेला कवडसा. तारे दिवसाही असतातच की! काळोख झाल्याशिवाय ते दिसत नाहीत, इतकेच.

रोग कळला, आता औषध. माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला मोटारी चमकवण्याच्या दुकानात कामाला आहे. वर्गात असताना गणितात तो कच्चा होता, पण पाटी त्याची सगळ्यांत स्वच्छ असे. सुट्टीत गावी आला तेव्हा मी त्याला बोलावले. त्याने पट्टीवरून नजर फिरवली आणि पहिल्या वाक्यातच माझा हुरूप खाली आणला.

‘सर, सगळे नाही जात. जेवढे जातात तेवढेच काढू.’

मग त्याने नखाची परीक्षा दाखवली. चऱ्यावरून नख आडवे, अलगद न्यायचे. नख न अडखळता गेले तर चरा वरवरचा. अडखळले तर खोल, त्याच्या नादी लागायचे नाही. जाळे सगळेच वरवरचे निघाले. किल्ल्यांची चंद्रकोर आणि अंगठीचे दोन चरे अडखळले.

त्यानंतर त्याने जे केले त्यातला निम्म्याहून अधिक वेळ नुसता धूळ काढण्यात गेला. मोटार सावलीत, पट्टी थंड. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेले प्लास्टिक मऊ पडते आणि हलक्या हातालाही दबते, म्हणून काम सकाळचे. फटींतली धूळ रबरी फुग्याने फुंकून काढायची, मऊ केसांच्या कुंचल्याने ती झटकायची. मग पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, त्यात मायक्रोफायबरचा फडका पिळून तो पट्टीवर ठेवायचा आणि उचलायचा; घासायचा नाही. धूळ भिजून फडक्यात शिरली पाहिजे. प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, मग तो कितीही नवा असो.

बटणांच्या आणि फटींच्या कडांना त्याने कागदी चिकटपट्टी लावली, नाहीतर औषध तिथे शिरून वाळते आणि पांढरी किनार उमटते. औषध म्हणजे प्लास्टिकसाठी केलेले सगळ्यांत बारीक दाण्याचे पॉलिश. तुरीच्या दाण्याएवढा थेंब मऊ स्पंजवर घेतला आणि आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहिला. तिथे काही वावगे झाले नाही तेव्हा मुठीला हात घातला. तळहाताएवढी जागा घ्यायची, आधी उभे हात, मग आडवे, शेण सारवताना जितका जोर देतो त्याहूनही कमी. अर्धा मिनिट झाला की पुसायचे आणि बॅटरीचा झोत तिरपा धरून पाहायचे. बाकी उरले तर पुन्हा एकदा, फार तर तिसऱ्यांदा. कडांवर आणि छापलेल्या चिन्हांवर मात्र स्पंज न्यायचा नाही. कडा लवकर झिजतात आणि चिन्हे पुसून जातात. मधल्या पडद्यालाही हे पॉलिश लावायचे नाही, त्याच्यावरचा लेप वेगळा असतो.

‘टूथपेस्टने होते म्हणतात ना?’ मुलाने विचारले.

‘दाताचे कवच या प्लास्टिकपेक्षा किती टणक! त्याच्यासाठी केलेली ती पेस्ट,’ तो म्हणाला. ‘एक चरा काढून दहा पाडशील.’

पेट्रोल, थिनर, स्पिरिट, काच पुसायचे अमोनियाचे पाणी, यांनाही त्याने हात जोडायला सांगितले. काही प्लास्टिकांना त्यांनी बारीक तडे जातात, आणि तड्याला औषध नाही. तेलकट चमक देणाऱ्या बाटल्यांबद्दल तो हसला. तेल चऱ्यात भरून राहते, दोन-चार दिवस चरा दिसेनासा होतो, मग तेल गेले की पहिल्यासारखा. जुनी मोटार विकायला काढणाऱ्याला तेवढे चार दिवस पुरतात!

तासाभरात मुठीवरचे जाळे गेले. मी झोत फिरवून फिरवून पाहिले. मग मी त्याला विचारले, ‘चरा गेला कुठे?’

‘चरा कुठे जात नाही, सर. त्याच्या आजूबाजूचे सगळे आपण खाली आणतो.’

गणितात कच्च्या असलेल्या त्या मुलाने हे एका वाक्यात सांगितले आणि मी विचारात पडलो. आपण म्हणतो चरा काढला. चरा ही काही वर चिकटलेली वस्तू नव्हे, ती एक उणीव आहे. उणीव काढायची कशी? तिच्या तळापर्यंत सारी जमीन झिजवून सपाट करायची, एवढाच उपाय. पॉलिश हेही ओरखडणेच, फक्त त्याचे दाणे इतके बारीक की त्यांचे ओरखडे डोळ्याला दिसत नाहीत. आमच्याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. आलापल्लीच्या वाटेवर त्याची लाल धूळ मोटारीवर बसते, आणि कोरड्या फडक्याने पुसली तर चरे पाडते. तेच लोहाचे भस्म अतिशय बारीक करून जगभरचे सोनार आणि भिंगे घासणारे कारागीर झिलई देण्यासाठी वापरत आले आहेत. द्रव्य एक, दाणा मोठा असला तर तो वैरी, बारीक झाला तर कारागीर.

पण प्रत्येक झिलईची किंमत त्या पृष्ठभागाला मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. अंगठीचा खोल चरा घालवायचा तर आसपासची सारी पट्टी तितकी खोल उतरवावी लागेल. कादंबरीच्या हस्तलिखिताचे मी हेच पाहिले आहे. एका खटकणाऱ्या वाक्यासाठी सगळे पान घासत बसले तर वाक्य सुधारते, पण पान पातळ होते.

लाखेचे बरे असते. आमच्या रानांत पळसावर लाखेचे किडे जगतात. तिचीच चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतात. तिच्यावर चरा पडला तर सुतार कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून वरून फिरवतो. लाख विरघळते, चऱ्यात उतरते आणि पुन्हा एकजीव होते. जपानी लोकांचा काळा लाखकाम प्रसिद्ध आहे. तिथे झाडाच्या चिकाचे थरावर थर देतात, कोळशाने घासतात आणि शेवटची तकाकी आणताना बारीक पूड नि तेल घेऊन नुसत्या तळहाताने आणि बोटांनी घोटत राहतात. जगातल्या सगळ्यांत देखण्या काळ्याला अखेरचा ओप माणसाचा हात देतो! आणि आमच्या घरात मात्र हात पदराखाली.

आपल्याकडचे सगळ्यांत लाडके काळे रूप पंढरपूरला उभे आहे. शतकानुशतके अभिषेकांनी आणि माथे टेकणाऱ्यांच्या स्पर्शांनी ती सावळी मूर्ती झिजत आली. झीज थांबवावी म्हणून तिला वेळोवेळी वज्रलेप देण्यात आला; २०२० सालीही तो दिला गेला. चरणांवर डोके ठेवणे कायमचे बंद करून टाकणे हा सोपा उपाय होता. पण पायांवर डोके ठेवता येत नाही तो विठ्ठल कसला? म्हणून लोकांनी अवघड उपाय पत्करला. मूर्ती जपायची आणि स्पर्शही राखायचा. मोटारीच्या मुठीची पांडुरंगाशी तुलना करावी असे नाही, पण शहाणपण तेच. ज्याला दुरुस्त करता येत नाही तो ‘हात लावू नका’ अशी पाटी लावतो. चरा कसा पडतो आणि कसा काढावा हे ज्याला कळले, त्याचा हात सैल होतो. तो दुसऱ्याला वस्तू धरू देतो. आमच्या घरातला तो नियम कंजूषपणाने आलेला नव्हता, तो भीतीने आला होता, आणि भीती गेली ती स्पंजने आणि तुरीच्या दाण्याएवढ्या पॉलिशने.

चिरंजीवांनी नियम मागे घेतला. त्याने तो शब्दांनी घेतला नाही. सतरा वर्षांच्या मुलाकडून तेवढी अपेक्षा करू नये. पुढच्या खेपेला ब्रह्मपुरीला निघताना त्याने आजीला पुढच्या जागेवर बसवले, तिचा उजवा हात मांडीवर नीट ठेवला, आणि डावा धरून मुठीवर ठेवला. ‘इथे धर,’ एवढेच म्हणाला. आईने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मुठीकडे. पुलाजवळचा खड्डा आला तेव्हा तिने ती घट्ट धरली. घरी आल्यावर मी मूठ पाहिली. तिच्यावर पाच बोटांचे घामाचे ठसे होते. ओल्या फडक्याने ते एका स्पर्शात निघाले.

अंगठीचे दोन चरे आणि ती चंद्रकोर आहेत तिथेच आहेत. नख अडते तिथे थांबायचे हे ठरले आहे. पॉलिशची बाटली कप्प्यात पडून असते. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, ती निघेल. त्याहून जास्त काढायची नाही. आता भाऊबीज आली. नाटकांचा हंगाम सुरू होईल, रात्री नऊला निघून पहाटे कोंबडा आरवताना परतायचे. पाचांच्या मोटारीत सात माणसे, दोन घोंगड्या, चकल्यांचा एक डबा, आणि वाटेवर धानाच्या बांध्यांवरून येणारी थंडी नि धूळ. कोणाच्या बांगड्या लागतील, कोणाची काठी लागेल. सगळ्यांना बसायला सांगितले आहे. कोरड्या पिवळ्या फडक्याला तेवढी मोटारीत जागा नाही.